घरी रंगवलेल्या फ्रिजचे पोपडे निघतायत आणि कॉम्प्रेसर थांबत नाही: आता काय करायचं?

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. डबल डोअर पांढरा फ्रिज, ११ वर्षं जुना, मागचा भाग सपाट. गणपतीच्या आधी तुम्ही घरीच त्याचा कायापालट केलात. दोन्ही दारांना घरात उरलेला ऑइल पेंट ब्रशने लावला, दुसऱ्या दिवशी त्यावर मॅट काळा स्प्रे मारला, आणि दोन्ही बाजूंना विटांच्या डिझाइनची चिकटणारी फोम शीट लावली. आता हँडलजवळ पोपडे निघतायत, वरच्या दारावर सुरकुत्या पडल्यात, फ्रीझरचं दार उघडताना चिकटतं आणि रबराबरोबर रंगाच्या पट्ट्या निघून येतात. कॉम्प्रेसर थांबायचं नाव घेत नाही आणि आइस्क्रीम पातळ राहतं. मेकॅनिक म्हणाला गॅस कमी झालाय, भरून घ्या. तुम्ही विचारताय की गॅस भरू का, आणि सोललेल्या जागी वरून अजून एक हात मारला तर चालेल का.

दोन्हींना माझं उत्तर आज तरी नाही असंच आहे. गॅस भरू नका आणि वरून रंगही देऊ नका. मी जुने फ्रिज दुरुस्त करून, रंगवून विकण्याच्या धंद्यात आहे. मशीन आणि रंग दोन्ही माझ्याच दुकानात होतं, त्यामुळे अशा केसेस सतत बघतो. तुमच्या फ्रिजमध्ये दोन वेगवेगळे बिघाड एकाच वेळी झालेत. रंगाचा दिसतोय, पण महागात पडेल तो दुसरा. म्हणून आधी त्याचं बोलू.

फ्रिज आतली उष्णता काढून बाहेर टाकतो. जुन्या सिंगल डोअर फ्रिजला मागे काळी जाळी असायची, तिथून ही उष्णता बाहेर जायची. मागून सपाट असलेल्या बहुतेक फ्रिजमध्ये ती जाळी दिसत नाही, कारण तिचा पाइप बाजूच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला चिकटवलेला असतो आणि त्याच्या मागे फोम भरलेला असतो. म्हणजे फ्रिजच्या दोन्ही बाजू हाच त्याचा कंडेन्सर, उष्णता बाहेर टाकणारा भाग. उन्हाळ्यात त्या हाताला चांगल्याच गरम लागतात, आणि लागायलाच हव्यात. त्या गरम बाजूंवर तुम्ही फोमच्या विटा चिकटवल्या. या शीटचा जाड भाग ५ मिलिमीटरच्या आसपास भरतो, आणि असा फोम उष्णता अडवण्यात पटाईत असतो. एवढ्या जाडीमुळे पत्र्यातून हवेत जाणारी उष्णता निम्म्याहूनही खाली येऊ शकते. उष्णता बाहेर पडली नाही की आतला दाब वाढतो, कॉम्प्रेसरला जास्त जोर लावावा लागतो, थंडावा कमी मिळतो आणि थर्मोस्टॅटला हवं ते तापमान येतच नाही. मग कॉम्प्रेसर बंद कसा होणार? बिल वाढतं हा त्यातला छोटा तोटा. मोठा तोटा असा की कॉम्प्रेसर तापून-तापून एक दिवस कायमचा बसतो.

त्यामुळे आजच दोन्ही बाजूंचा फोम काढा. आधी प्लग काढून ठेवा. हेअर ड्रायरने शीट कोमट करत कोपऱ्यापासून हळूहळू ओढा. खाली जो चिकटा राहील त्यावर निलगिरीचं किंवा खोबरेल तेल लावून थोडा वेळ मुरू द्या, मग जुन्या प्लॅस्टिक कार्डाने खरवडा आणि शेवटी भांड्याच्या साबणाने धुऊन पुसा. ब्लेड, चाकू, लोखंडी पट्टी यांना बाजूंच्या जवळपासही आणू नका. तो पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास जाडीचा असतो आणि त्याच्या लगेच मागे गॅसचा पाइप आहे. बाजूला हुक लावायला म्हणून एक स्क्रू मारला आणि सगळा गॅस गेला, असे फ्रिज दुकानात येतात. फोममध्ये गाडलेला पाइप उकरून जोडता येत नाही. मग मागच्या बाजूला वेगळा कंडेन्सर बसवावा लागतो, आणि ११ वर्षांच्या फ्रिजवर तेवढा खर्च बहुतेक जण करत नाहीत.

पाइप नेमका कुठून जातो हे बघायचं असेल तर फोम आणि चिकटा काढून झाल्यावर फ्रिज अर्धा तास चालू ठेवा आणि ओल्या फडक्याने बाजू एकसारखी पुसून लगेच समोर उभं राहा. पाणी सगळीकडे एकदम सुकत नाही. आधी नागमोडी किंवा उभ्या पट्ट्या सुकलेल्या दिसतात, मधला भाग अजून ओला असतो. त्या सुकलेल्या पट्ट्या म्हणजे पाइपाची वाट. मोबाइलवर एक फोटो काढून ठेवा, पुढे कधी कामाला येईल.

आता गॅसचं. फ्रिजचा गॅस पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. ती बंद नळी असते. गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता गॅस भरला तर तो पुन्हा जाणारच. तुमच्या बाबतीत मला गळतीची शक्यता कमी वाटते, कारण त्रास बाजू झाकल्यानंतर सुरू झाला. एक साधी चाचणी करा. फोम काढल्यावर फ्रिज दोन्ही बाजूंनी भिंत-कपाटापासून निदान चार बोटं मोकळा ठेवा, मागेही जागा सोडा, आणि एक अख्खा दिवस चालू ठेवा. सारखी दारं उघडू नका, गरम पातेली आत ठेवू नका. कॉम्प्रेसर चालू असताना बाजू छान गरम लागत असतील तर उष्णता बाहेर येते आहे, म्हणजे गॅस आत आहे. कॉम्प्रेसर तासन् तास चालू आहे आणि बाजू मात्र जेमतेम कोमट, असं असेल तर मेकॅनिकचं म्हणणं खरं असू शकतं. तेव्हा बोलवा, पण आधी गळती शोधायला सांगा. मागे किंवा कॉम्प्रेसरजवळ लेबल असतं, त्यावर गॅसचं नाव आणि वजन छापलेलं असतं. त्यावर आर-६००ए असेल तर तो ज्वलनशील आहे आणि घरगुती फ्रिजमध्ये साधारण ५०-६० ग्रॅमच्या आसपासच असतो. एवढासा गॅस वजनकाट्यावर मोजूनच भरायचा असतो. अंदाजाने भरणाऱ्याला नको म्हणा.

याच निमित्ताने दोन समज दूर करतो. साधं पातळ व्हिनाइल, म्हणजे चिकटणारी प्लॅस्टिकची शीट, जे जेमतेम दहावा हिस्सा मिलिमीटर असतं, ते नीट चिकटलं असेल तर कूलिंगवर फरक पडत नाही. अडचण जाड फोमची आहे, आणि बुडबुडे राहून आत हवा अडकलेल्या व्हिनाइलची. दुसरं, काळ्या रंगाने फ्रिज जास्त तापतो हेही खरं नाही. उन्हाची तिरीप थेट त्यावर पडत नसेल तर काळा आणि पांढरा रंग सारखीच उष्णता सोडतात. उलट स्वयंपाकघरात तेलाच्या डागांसाठी विकतात तो चकचकीत अॅल्युमिनियम फॉइल बाजूंना लावू नका. गरम पत्रा निम्म्याच्या आसपास उष्णता किरणांच्या रूपाने सोडतो, आणि चकचकीत धातूचा पृष्ठभाग ते काम फार कमी करतो.

आता रंगाकडे येऊ. हँडलजवळचा एक पोपडा अलगद काढा आणि उलटा करून उजेडात बघा. मला तिथेच निदान सापडतं. त्याची मागची बाजू गुळगुळीत, किंचित चमकणारी असेल आणि खालचा जुना पांढरा रंग जसाच्या तसा शाबूत असेल, तर नव्या रंगाने जुन्याला कधी धरलंच नव्हतं, तो नुसता वर बसला होता. हँडलजवळच हे आधी होतं, कारण तिथे हाताचं तेल असतं आणि त्यावर फोडणीच्या वाफेचा थर असतो. हा थर वर्षानुवर्षं हवेत वाळून चिवट होतो. काच पुसायच्या निळ्या पाण्याने तो जात नाही, फक्त चकाकतो.

कंपनीचा मूळ रंग भट्टीत पक्का केलेला, अतिशय गुळगुळीत असतो. त्याला पकड द्यायची तर पॉलिश पेपरने त्याची चमक मारावीच लागते. पूर्ण दार धुरकट, मॅट दिसेपर्यंत घासायचं. मधल्या सपाट भागात चार हात फिरवले आणि कडा, कोपरे, हँडलची खाच तशीच सोडली, तर रंग तिथूनच सुटायला लागतो.

सुरकुत्यांचं कारण वेगळं. ऑइल पेंट वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. हाताला सुका लागला तरी आतून पक्का व्हायला त्याला काही आठवडे लागतात, पावसाळ्यात तर जास्तच. बाजारातले बहुतेक स्प्रे कॅन जलद वाळणारे असतात आणि त्यात जहाल थिनर असतं. ते थिनर ऑइल पेंटच्या वरच्या सालीतून आत शिरतं, साल फुगते, तिला पसरायला जागा नसते, म्हणून ती चुरगळते. तुम्ही जो दुसऱ्या दिवशीचा मुहूर्त साधलात तो यासाठी सगळ्यांत वाईट. पेंटर लोक याला रंग उचलला म्हणतात. ऑइल पेंटवर असा स्प्रे मारायचाच नाही, हा आमच्याकडे नियम आहे. आणि म्हणूनच वरून अजून एक हात नको. तो या सुरकुत्यांवर बसेल आणि स्वतःही उचलला जाईल.

दार चिकटतंय ते रबरामुळे. दाराचं रबर मऊ राहावं म्हणून त्या प्लॅस्टिकमध्ये तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. ते हळूहळू झिरपून कच्च्या रंगाला आणखी मऊ करतं. दार रात्रभर बंद राहिलं की दोन्ही एकमेकांना चिकटतात, सकाळी उघडताना रंग रबराबरोबर येतो. रबर जिथे टेकतं ती चौकट कधीही रंगवू नये. त्या चौकटीच्या मागेही बहुतेक फ्रॉस्ट फ्री फ्रिजमध्ये गरम पाइप फिरवलेला असतो, दाराच्या कडेला घाम येऊ नये म्हणून. तिथला रंग प्लॅस्टिक कार्डाने काढा, रबर कोमट पाण्यात थोडा साबण घालून मऊ ब्रशने घड्यांच्या आतून धुवा. थिनर लावलंत तर रबर कडक होईल. मग दहा रुपयांची नोट दारात अडकवून बंद करा आणि ओढा. चारही बाजूंनी नोट ओढताना अडली पाहिजे. एखाद्या ठिकाणी सहज सरकली तर तिथलं रबर हेअर ड्रायरने कोमट करून बोटांनी बाहेरच्या अंगाला ओढा आणि दार काही तास बंद ठेवा. एवढं करूनही सैलच राहिलं तर मॉडेल नंबर सांगून नवीन रबर मागवा. तुमचा कॉम्प्रेसर न थांबण्यात अशा फटीचाही वाटा असू शकतो.

एका गोष्टीबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. तुम्ही लिहिलंय की स्प्रे मारताना फ्रिज चालू होता, कारण आत दूध-भाजी होती. असं पुन्हा कधीही करू नका. स्प्रे कॅनमधला रंग बाहेर ढकलणारा वायू जळणारा असतो, थिनरची वाफही जळणारी. दोन्ही हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत साचतात, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर व त्याचं वायरिंग खालीच असतं. थर्मोस्टॅट, दिव्याचं बटण, खालची जोडणी, ठिणगी कुठेही पडू शकते. शेजारी गॅसची शेगडी. बंद खिडक्यांच्या छोट्या स्वयंपाकघरात हे सगळं एकत्र येणं म्हणजे आगीला आमंत्रण. दूध एका दिवसापुरतं शेजारी ठेवता येतं.

पुढे काय करायचं? दारांवरचा सगळा नवा रंग काढावाच लागेल, त्याला पर्याय नाही. बरी गोष्ट ही की त्याने पकड धरलेली नाही, त्यामुळे हेअर ड्रायर आणि प्लॅस्टिकच्या खरवडणीने बराचसा सालीसारखा निघेल. दारांमध्ये गॅसचा पाइप नसतो, म्हणून तिथे बिनधास्त काम करता येतं. पेंट रिमूव्हर वापरू नका. हँडल, कडेच्या पट्ट्या आणि दाराचा आतला भाग प्लॅस्टिकचा असतो, तो रिमूव्हरने विरघळतो. थिनरनेही त्याला तडे जातात. उरलेला रंग १८० नंबरच्या आणि मग ३२० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावत घासून काढा.

मग धुणं, आणि इथे कंटाळा करू नका. भांड्याचा साबण, गरम पाणी, घासणी, दोनदा. शेवटी दारावर साधं पाणी ओता. पाणी अखंड चादरीसारखं पसरून खाली आलं तर पत्रा स्वच्छ. थेंब-थेंब होऊन तुटलं तर तिथे अजून तेल आहे, पुन्हा धुवा. रंगाच्या दुकानातलं ग्रीस रिमूव्हर वापरणार असाल तर दोन फडकी घ्या. एकाने लावायचं, ते सुकण्याआधी दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसत राहिलात तर तेल फक्त इकडून तिकडे जातं. आणि फर्निचर किंवा डॅशबोर्ड चमकवायचं पॉलिश आधी कधी फ्रिजवर लावलं असेल, तर तेही सांगा. त्यातलं सिलिकॉन राहिलं की रंगात बारीक खड्डे पडतात.

रंग कोणता, याबद्दल माझं मत ठाम आहे. टिकाऊ काम हवं असेल तर दोन्ही दारं काढून गाडीच्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे न्या. इपॉक्सी प्रायमर आणि त्यावर हार्डनर (रंग कडक करणारं द्रव्य) मिसळलेला पीयू म्हणजे पॉलियुरेथेन रंग, हेच फ्रिजवर वर्षानुवर्षं टिकतं. दारं मेकॅनिककडूनच काढून घ्या, काही मॉडेलमध्ये बिजागरीतून वायर जाते. रबर आधी काढून ठेवायला सांगा. पेंटरला बजावून सांगा की दार हवेवरच वाळवायचं, तापत्या बूथमध्ये ठेवायचं नाही, कारण आत फोम आणि प्लॅस्टिक आहे. पावडर कोटिंगचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. त्याला १८० ते २०० अंशांची भट्टी लागते, त्यात दाराचा गोळा होईल. आणि पीयू रंग घरात फवारू नका. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक आहे आणि कापडी किंवा सर्जिकल मास्कने अडत नाही.

एवढा खर्च नको असेल तर घासून सपाट केलेल्या दारांवर चांगलं मॅट व्हिनाइल लावा. मी तुमच्या जागी असतो तर हेच केलं असतं. ११ वर्षांच्या फ्रिजला ते शोभतं, कंटाळा आला तर काढता येतं. फक्त खालचा पत्रा खरोखर गुळगुळीत हवा, व्हिनाइलखाली वाळूचा कणही उठून दिसतो. दाराच्या तळाशी गंज असेल, आणि फरशी पुसताना पाणी लागून तो बहुतेक असतोच, तर आधी तो तारेच्या ब्रशने घालवून प्रायमर द्या. बाजू मात्र तशाच पांढऱ्या राहू द्या. कपाटाच्या सावलीत त्या फारशा दिसतही नाहीत.

रंगाचंच काम करायचं ठरवलंत तर दिवाळीनंतर करा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्याच्या दमट हवेत वाळणाऱ्या रंगावर पांढुरकी झाक येते आणि तो उशिरा पक्का होतो. रंगवलेली दारं बसवल्यावर पहिला आठवडा चुंबक, स्टिकर, ओलं फडकं काही लावू नका.

शेवटी तुम्ही मायक्रोवेव्हही असाच रंगवू का, असं विचारलंत. त्याला हात लावू नका. बाहेरच्या कव्हरला हवेची छिद्रं असतात, ती रंगाने बुजतात, आणि कव्हर उघडून काम करायचा मोह झाला तर आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा करंट शिल्लक राहू शकतो. आतल्या भिंतीवरचा रंग उडून ठिणग्या दिसत असतील तर वापर लगेच थांबवा आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला दाखवा. तिथला रंग वेगळा असतो, स्प्रे कॅनचा चालत नाही.